२०२७ च्या सुट्ट्या शनिवार-रविवारी : मस्टर, पगार आणि बदली सुट्टीचा घोळ

कोरा_कॅलेंडर
२०२७ ची सुट्ट्यांची यादी करायला घेतली आणि डोकं धरायची वेळ आली. १ मे शनिवार, १५ ऑगस्ट रविवार, २ ऑक्टोबर शनिवार. गणेश चतुर्थी (४ सप्टेंबर), दसरा (९ ऑक्टोबर) आणि नाताळ, तिन्ही शनिवार. म्हणजे शनि-रवि बंद असणाऱ्या ऑफिसच्या सहा सुट्ट्या आधीच सुट्टीच्या दिवशी.

कंपनी एक, पण तीन तऱ्हा आहेत:
– पुण्यातलं ऑफिस, शनि-रवि बंद, सगळे मासिक पगारी.
– भोसरीचं वर्कशॉप, गुरुवार बंद, निम्मे कामगार रोजंदारीवर.
– शोरूम, सातही दिवस चालू, सुट्टी आळीपाळीने.

प्रश्न असे. सुट्टी रविवारी आली की सोमवारी द्यावीच लागते का? रोजंदारीवाल्याला त्या दिवसाचा रोज द्यायचा का? मस्टरला (हजेरीच्या रजिस्टरला) काय मांडायचं? आणि पगाराची तारीखच सुट्टीवर आली तर काय करायचं?

---

करारपत्र
पहिल्याचं उत्तर: नाही. आपल्याकडे सुट्टी आपोआप पुढे सरकत नाही. केंद्र सरकारच्या स्वतःच्या सूचनाही हेच सांगतात : सण साप्ताहिक सुट्टीला आला, किंवा दोन सण एकाच दिवशी आले, तर बदली सुट्टी नाही. २०२५ मध्ये दसरा आणि गांधी जयंती एकाच दिवशी, २ ऑक्टोबरला आले होते. २०२६ ला १ मे आणि बुद्ध पौर्णिमा एकत्र. गेली ती गेली.

पण हा सरकारी कर्मचाऱ्यांचा नियम. खासगी आस्थापनांना महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम २०१७ बघावा लागतो. त्यात वर्षाला आठ भरपगारी सणाच्या सुट्ट्या आहेत. चार ठरलेल्या : २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. उरलेल्या चार मालक आणि कामगार यांनी वर्ष सुरू होण्याआधी आपसात ठरवायच्या.

खरी मोकळीक या चारांत आहे. दरवर्षी तीच यादी चिकटवायची सवय असते, म्हणून गणपती, दसरा, नाताळ आपोआप येतात आणि २०२७ ला तिन्ही वाया जातात. त्याऐवजी ऑफिससाठी शिवजयंती (१९ फेब्रुवारी, शुक्रवार), गुढीपाडवा (७ एप्रिल, बुधवार), आंबेडकर जयंती (१४ एप्रिल, बुधवार), लक्ष्मीपूजन (२९ ऑक्टोबर, शुक्रवार) घ्या. चारही कामाच्या दिवशी पडतात. गणपतीला शनिवार असल्याने लोक घरी असणारच आहेत.

ठरलेल्या चारांपैकी २६ जानेवारी मंगळवारी आहे, बाकी तीन बुडतात. त्यांची बदली द्यायची की नाही हे नियुक्तिपत्र, कंपनीचं रजा धोरण आणि आजवरचा प्रघात यावर ठरेल. कुठेच काही लिहिलेलं नसेल तर लिहून टाका. वाद पैशावरून कमी होतात, "गेल्या वर्षी तर दिली होती" यावरून जास्त होतात.

---

भोसरीकर
करारपत्र यांच्याशी सहमत, पण एक दुरुस्ती. वर्कशॉप कारखाना म्हणून नोंदलेलं असेल तर दुकाने अधिनियम तिथे लागत नाही. कारखाने अधिनियमात साप्ताहिक सुट्टी होती, सणांची यादीच नव्हती. तमिळनाडू, कर्नाटक यांचे राष्ट्रीय व सणाच्या सुट्ट्यांचे वेगळे कायदे आहेत. आपल्याकडे कारखान्यात सणाची सुट्टी येते ती करारातून, स्थायी आदेशातून (कारखान्याच्या मंजूर सेवानियमांतून) किंवा वर्षानुवर्षांच्या प्रघातातून.

आणि प्रघात हलक्यात घेऊ नका. रविवारच्या सणाची सुट्टी सोमवारी द्यायची पद्धत पाच-सात वर्षं चालू असेल आणि यंदा बंद केली, तर तो सेवाशर्तीतला बदल. औद्योगिक विवाद अधिनियमाच्या कलम ९ अ खाली २१ दिवसांची नोटीस लागायची, चौथ्या अनुसूचीत "पगारी रजा आणि सुट्ट्या" हा विषय स्पष्ट होता. औद्योगिक संबंध संहितेत हेच कलम ४० मध्ये आलंय. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही श्रमसंहिता (जुन्या कामगार कायद्यांच्या जागी आलेले नवे कायदे) लागू आहेत, त्यामुळे मी पुढे जुने कलम क्रमांक लिहिले तर ते ओळखीचे म्हणून. नोटीस काढाल तेव्हा संहितेचा क्रमांक टाका.

दुसरं. भोसरी-पिंपरी पट्ट्यात गुरुवार बंद, म्हणजे तुमच्या वर्कशॉपला २०२७ अजिबात वाईट नाही. १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर तिन्ही कामाचे दिवस आहेत आणि तिन्ही सुट्ट्या मिळतात. त्यांना २०२६ लागलं : शिवजयंती १९ फेब्रुवारी, पाडवा १९ मार्च आणि रामनवमी २६ मार्च, तिन्ही गुरुवारी. ऑफिसची यादी वर्कशॉपच्या फलकावर चिकटवली की दोघांपैकी एकाचं दरवर्षी नुकसान होतं. यादी कंपनीची नसते, साप्ताहिक सुट्टीनुसार असते. तीन तऱ्हा तर तीन याद्या.

---

हजेरीपट
मस्टरचा प्रश्न कुणी घेतला नाही, आणि पैसे तिथेच सांडतात.

एका दिवसाला एकच खूण. रविवार, १५ ऑगस्टला डब्ल्यूओ (साप्ताहिक सुट्टी) किंवा पीएच (सार्वजनिक सुट्टी), दोन्ही नाही. बऱ्याच पगार-सॉफ्टवेअरमध्ये साप्ताहिक सुट्टी पाळीच्या तक्त्यातून येते आणि सण सुट्ट्यांच्या तक्त्यातून. दोन्ही तक्ते एकमेकांना विचारत नाहीत. मग असं होतं:

ऑगस्ट २०२७. दिवस ३१. शनिवार ४ (७, १४, २१, २८), रविवार ५ (१, ८, १५, २२, २९). शनि-रवि बंद असलेल्या माणसाचे डब्ल्यूओ ९, हजेरी २२. बेरीज ३१, बरोबर. आता सॉफ्टवेअरने १५ तारखेचा पीएच वेगळा मोजला : २२ + ९ + १ = ३२. एकतीस दिवसांच्या महिन्यात बत्तीस पगारी दिवस.

हे दिसलं तर बरं. पण बहुतेक सॉफ्टवेअरला "पगारी दिवस महिन्याच्या दिवसांपेक्षा जास्त नकोत" अशी मर्यादा असते. ते ३२ चे गुपचूप ३१ करतं. पूर्ण हजेरीवाल्यांचा पगार बरोबर दिसतो, कुणाला शंका येत नाही. घोळ फक्त खाडा असलेल्यांत उघडा पडतो : ३१,००० पगाराच्या माणसाचा एक खाडा, बिनपगारी. पगारी दिवस ३० हवेत, पगार ३०,०००. सॉफ्टवेअर मोजतं २१ + ९ + १ = ३१ आणि पूर्ण ३१,००० देतं. खाडा गायब. पन्नास लोकांत असे पाच निघाले तर ५,००० गेले, आणि कुणी तक्रारही करणार नाही.

उलटाही प्रकार होतो. काही ठिकाणी दिवसाचा दर "कामाचे दिवस" या भाजकाने काढतात : महिन्याचे दिवस वजा डब्ल्यूओ वजा पीएच. बरोबर भाजक ३१ – ९ = २२. सण दुसऱ्यांदा वजा झाला की २१. पगार ३३,००० असेल तर एका खाड्याची कपात १,५०० ऐवजी १,५७१.४३. इथे मात्र तक्रार येते, आणि रास्त येते.

उपाय साधा आहे. पगार चालवण्याआधी हजेरीचा तक्ता एक्सेलमध्ये काढा, प्रत्येक ओळीत हजर + डब्ल्यूओ + पीएच + पगारी रजा + बिनपगारी यांची बेरीज करा आणि ती महिन्याच्या दिवसांशी जुळते का पाहा. मर्यादा लागण्याआधीची बेरीज घ्या. एकही ओळ ३२ दिसली तर सुट्टीच्या तक्त्यात प्राधान्यक्रम लावायचा राहिलाय.

---

कोरा_कॅलेंडर
हे भारी आहे. मग प्राधान्य कुणाला, डब्ल्यूओ की पीएच?

---

हजेरीपट
मासिक पगाराला कुठलंही दिलं तरी पैसे तेच. तरी मी डब्ल्यूओ ठेवीन, कारण साप्ताहिक सुट्टी दिली की नाही हे तपासणीत रजिस्टरवर दिसायला हवं. शिवाय पीएच फक्त खऱ्या बुडालेल्या कामाच्या दिवसाला राहिला की वर्षअखेरीस "आठातल्या किती प्रत्यक्ष मिळाल्या" हे एका फिल्टरमध्ये कळतं. रोजंदारीला मात्र खुणेने पैसे बदलतात, तिथे आधी धोरण ठरवा.

---

रोजमेळ
रोजंदारीचं मी सांगतो.

रोज ७०० धरू. मासिक दर भागिले २६ असा रोज काढलेला असतो, म्हणजे चार-पाच साप्ताहिक सुट्ट्यांचे पैसे त्या सव्वीस रोजांतच मिसळलेले. सुट्टीच्या दिवशी वेगळा रोज मिळत नाही, सणाच्या दिवशी मिळतो.

तुमच्या वर्कशॉपमध्ये ऑगस्ट २०२७ : गुरुवार चार (५, १२, १९, २६). उरले २७. त्यातला १५ ऑगस्ट सण, म्हणजे २६ रोज कामाचे आणि १ सणाचा. २७ × ७०० = १८,९००.

तोच कामगार रविवार बंद असलेल्या युनिटला असता तर : रविवार पाच, उरले २६, सगळे कामाचे. २६ × ७०० = १८,२००. स्वातंत्र्यदिन रविवारच्या पोटात गेला. त्याची भरपगारी सुट्टी ना पैशात आली, ना आरामात.

माझं मत : जिथे कायदा किंवा करार "इतक्या *भरपगारी* सुट्ट्या" असा आकडा देतो, तिथे आकडा पुरा करा. एकतर जादा रोज द्या, नाहीतर दुसऱ्या दिवशी बदली.

---

ताळा_जुळवा
असहमत. रविवारचे पैसे रोजात मिसळलेले आहेत असं तुम्हीच म्हणता. मग त्या रविवारचा पगार त्याला मिळालाच. वरून आणखी ७०० म्हणजे एका दिवसाचे दोनदा.

---

रोजमेळ
मिळाला तो साप्ताहिक सुट्टीचा. सणाचा कुठला? मासिक पगारदाराला महिना पुरा मिळतो म्हणून तो हा प्रश्न विचारत नाही. रोजंदारीवाल्याच्या पाकिटात त्या महिन्यात सातशे कमी आलेले दिसतात, तो विचारणारच.

---

करारपत्र
दोघांचेही मुद्दे वाटाघाटीच्या टेबलावर रोज मांडले जातात, त्यामुळे इथे निकाल लागणार नाही. करारात एक वाक्य घातलं की संपलं : "सणाची सुट्टी साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी आल्यास लगतच्या पुढील कामाच्या दिवशी बदली सुट्टी देण्यात येईल" किंवा "...आल्यास वेगळी सुट्टी अथवा मोबदला देय नाही". दुसरं वाक्य घालायचं असेल तर वैकल्पिक चार सुट्ट्या निवडताना कामगारांना मोकळा हात द्या. एका हाताने घेतलं तर दुसऱ्याने द्यावं लागतं.

---

भोसरीकर
गुरुवार बंद असणाऱ्यांसाठी एक सोय, सुट्टीची अदलाबदल. गणेश चतुर्थी शनिवारी ४ सप्टेंबरला. २ तारखेच्या गुरुवारी काम करून रविवार ५ ला सुट्टी दिली की शनि-रवि जोडून मिळतात, गावाला जाणारे खूश, आणि सोमवारचे खाडे कमी होतात.

जुन्या कारखाने अधिनियमाच्या कलम ५२ ची चौकट अशी होती : बदली दिवस मूळ सुट्टीच्या आधीच्या किंवा नंतरच्या तीन दिवसांत हवा. गुरुवार २ पासून रविवार ५ हा तिसरा दिवस, बसतो. सोमवार ६ घेतला असता तर नाही. दुसरी अट, सलग दहा दिवसांपेक्षा जास्त काम नको. आधीची सुट्टी २६ ऑगस्ट, मग २७ ऑगस्ट ते ३ सप्टेंबर आठ दिवस काम, चालतं. तिसरी आणि सगळे विसरतात ती : निरीक्षक कार्यालयाला कळवणं आणि कारखान्यात फलक लावणं, दोन्ही मूळ किंवा बदली दिवस यांतला जो आधी येतो त्याच्या आधी. म्हणजे इथे २ सप्टेंबरच्या आत. ४ तारखेला लावलेल्या फलकाचा उपयोग नाही, २ तारखेचं काम मग साप्ताहिक सुट्टीतलं काम ठरतं आणि ओटी (ओव्हरटाइम) मागितला जातो.

मस्टरमध्ये २ ला हजेरी आणि ५ ला डब्ल्यूओ. पाळीच्या तक्त्यात त्या आठवड्यापुरता बदल करा, नाहीतर पंच मशीन २ तारखेला "सुट्टीत हजर" दाखवून कॉम्प-ऑफ (बदली रजा) जमा करतं.

---

शोरूमबाई
शोरूमबद्दल थोडक्यात. २०१७ च्या कायद्याने दुकान सातही दिवस उघडं ठेवता येतं, प्रत्येकाला आठवड्यात सलग २४ तासांची सुट्टी मिळाली पाहिजे. अडचण पाळी लावणाऱ्याच्या हातात असते. ७ एप्रिलला बुधवारी पाडवा. ज्याची साप्ताहिक सुट्टी त्या आठवड्यात बुधवारी टाकली, त्याचा सण बुडाला. शेजारच्याची सोमवारी टाकली, त्याला सणाचा मोबदलाही आणि सुट्टीही. हे नकळत होतं तसंच मुद्दामही होतं.

नियम करा : सणाच्या तारखेला कुणाचीही साप्ताहिक सुट्टी टाकायची नाही. पाळीपत्रक बनवताना त्या आठ तारखांचे रकाने आधीच रंगवून बंद करा. पाडवा, दसरा, धनत्रयोदशी हे विक्रीचे दिवस, माणसं लागणारच. मग सगळ्यांना सारखी वागणूक : काम, त्याचा जादा मोबदला किंवा बदली, आणि साप्ताहिक सुट्टी वेगळ्या दिवशी.

---

कोरा_कॅलेंडर
"जादा मोबदला" म्हणजे नेमका किती? दुप्पट म्हणतात, पण महिन्याच्या पगारात तो दिवस आधीच धरलेला असतो ना?

---

रोजमेळ
इथेच निम्म्या कंपन्या चुकतात.

मासिक १८,२००. भागिले २६ = ७०० रोज. आठ तासांचा एक तास ८७.५०. दुप्पट दर तासाला १७५, आठ तासांचे १,४००.

अ) साप्ताहिक सुट्टीत काम, बदली सुट्टी नाही. २६ ने भागलं म्हणजे सुट्टीचा दिवस त्या २६ मध्ये नाही. तेव्हा पूर्ण १,४०० पगाराच्या वर.

आ) सणाच्या दिवशी काम, तो कामाचा वार. हा दिवस २६ मध्ये आहे, ७०० पगारात आलेच. करारात "एकूण दुप्पट" असेल तर वर आणखी ७००. "पगाराशिवाय दुप्पट" असेल तर वर १,४००. शब्द वाचा. "डबल पगार" एवढंच लिहिलेलं असेल तर भांडण लिहूनच ठेवलंय समजा.

इ) सण आणि साप्ताहिक सुट्टी एकाच दिवशी, आणि काम. चौपट होत नाही. दुप्पट एकदाच, अ प्रमाणे. बुडालेली साप्ताहिक सुट्टी मात्र वेगळी द्यायची, कारखाने अधिनियमाच्या जुन्या कलम ५३ प्रमाणे त्याच महिन्यात किंवा पुढच्या दोन महिन्यांत.

दर ३० किंवा ३१ ने काढत असाल तर सगळे दिवस पगारी धरलेत, मग अ चं गणित बदलतं. म्हणून खाड्याला ३१ चा भाजक आणि ओटीला २६ चा, असे दोन भाजक एका कंपनीत नांदतात. चालतं, पण धोरणात दोन्ही लिहा. खाड्याला २६ ने कापायचं आणि ओटी ३१ ने द्यायचा, हे मात्र कुणाच्याही डोळ्यावर येतं.

अजून एक : ओटीचा दर फक्त मूळ पगारावर काढू नका. वेतन संहितेतल्या वेतनाच्या नव्या व्याख्येत वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले तर वरचा भाग वेतनात परत येतो.

---

खाडेबाज
जोडून रजेचं काय? शुक्रवार १३ ऑगस्ट आणि सोमवार १६ ऑगस्ट रजा टाकली तर मधले शनिवार, रविवार आणि स्वातंत्र्यदिन रजेत धरायचे?

---

हजेरीपट
अर्जित रजेत धरायचे नाहीत. कारखाने अधिनियम कलम ७९ मध्ये स्वच्छ होतं : रजेच्या मधे किंवा दोन्ही टोकांना येणाऱ्या सुट्ट्या रजेतून वगळायच्या. तोच नियम धरून चाला. "सँडविच" हा कंपन्यांनी काढलेला प्रकार आहे. तो फार तर बिनपगारी गैरहजेरीसाठी धोरणात लिहितात, आणि तिथेही दोन्ही बाजूंना न कळवता खाडा असेल तरच. रजा मंजूर करून मग मधला रविवार कापला तर फेडायची वेळ येते.

आणि हो, शनिवारी अर्धा दिवस चालणाऱ्या ठिकाणी १ मे २०२७ ची सुट्टी पूर्णच. "अर्धा दिवसच बुडाला, अर्धी कॅज्युअल परत" असले शोध नकोत.

---

विलंबशुल्क
पगाराची तारीख आणि भरणे, हे माझ्याकडून.

मासिक पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत. वेतन प्रदान अधिनियमात हजार किंवा जास्त माणसं असली तर १० होती, वेतन संहितेत सगळ्यांना ७. जुन्या कायद्यात पगार *कामाच्या दिवशी* द्यावा असंही होतं, ती सवय ठेवा. ७ तारीख सुट्टीवर आली तर आधी द्यायचा, नंतर नाही. २०२७ मध्ये ७ फेब्रुवारी, ७ मार्च आणि ७ नोव्हेंबर रविवारी आहेत.

एनईएफटी १६ डिसेंबर २०१९ पासून चोवीस तास, आरटीजीएस १४ डिसेंबर २०२० पासून, आणि एनएसीएच (एकगठ्ठा रकमा जमा-वजा करण्याची बँकांची यंत्रणा) १ ऑगस्ट २०२१ पासून सातही दिवस. त्यामुळे "बँक बंद होती" ही सबब संपली असं लोकांना वाटतं. यंत्रणा चालू असते, माणसं नसतात. शंभर लोकांची फाइल चढवणारा एक, मंजूर करणारा दुसरा, आणि दुसऱ्याचं मंजुरीचं टोकन कपाटात. चुकीच्या आयएफएससीमुळे परत आलेले चार पगार कोण बघणार? आणि खात्यात पैसे चेकने यायचे असतील तर क्लिअरिंग सुट्टीला चालत नाही.

बँकांना दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टी (सप्टेंबर २०१५ पासून). पहिला, तिसरा, पाचवा चालू. ३१ जानेवारी २०२७ रविवार, पण ३० हा पाचवा शनिवार, बँक उघडी. २८ फेब्रुवारी रविवार आणि २७ चौथा शनिवार, बंद, म्हणजे फाइल २६ ला शुक्रवारीच. १ एप्रिलला बँका वार्षिक हिशोबासाठी ग्राहकांना बंद, तेव्हा मार्चचा पगार ३१ ला टाका.

दिवाळी : लक्ष्मीपूजन शुक्रवार २९ ऑक्टोबर, पुढे शनि-रवि. ऑक्टोबरचा पगार नोव्हेंबरात देऊन चालेल, पण कुणी ऐकणार नाही. हजेरी २० तारखेला बंद करा, उरलेले अकरा दिवस हजर धरा, पगार २६-२७ ला द्या आणि खाडे नोव्हेंबरात वळते करा. पूर्ण पगार नको असेल तर उचल द्या, पण उचलीवर पीएफ कापू नका, तो पगारपत्रकात एकदाच.

आता खरा सापळा. पीएफ आणि ईएसआय (कामगार विमा) यांचा भरणा १५ तारखेला. म्हणजे जुलैचा भरणा दरवर्षी स्वातंत्र्यदिनी. २०२७ मध्ये १५ ऑगस्ट रविवार, १४ दुसरा शनिवार. शेवटचा बँकेचा दिवस शुक्रवार १३. ईसीआर (पीएफचं मासिक विवरणपत्र) चढवणं, मंजुरी, चलन, भरणा, बँकेची खातरी, या साखळीत एक कडी अडली की रविवारी फोन उचलायला कुणी नसतं. १० तारखेला चलन काढा, १२ ला भरा.

एक दिवसाच्या उशिराने काय होतं? वर्षाला १२ टक्क्यांनी व्याज, वर दंडव्याज, ही रक्कम किरकोळ. महाग पडायचं ते आयकरात. ऑक्टोबर २०२२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर कर्मचाऱ्याच्या वाट्याचा पीएफ हा पीएफ कायद्याच्या मुदतीत भरला नाही तर ती पूर्ण रक्कम खर्च म्हणून वजा मिळत नसे, पुढे भरली तरी. दोन लाखांचा वाटा सोळा तारखेला भरला म्हणून दोन लाखांवर कर लागायचा.

---

बँकहॉलिडे
अवांतर : पुण्यात बसून ब्रिटनचे पगार करणाऱ्यांसाठी. तिथे सुट्टी खरोखर सरकते. २०२७ ला नाताळ शनिवारी आणि बॉक्सिंग डे रविवारी, म्हणून सोमवार २७ आणि मंगळवार २८ डिसेंबर या बदली सुट्ट्या. बॅक्सला (तिथली पगार जमा करणारी बँक-यंत्रणा) तीन कामाचे दिवस लागतात (देणे, प्रक्रिया, जमा), त्यामुळे ३१ डिसेंबर शुक्रवारी पैसे पडायचे तर फाइल बुधवार २९ ला जायला हवी. पगाराची तारीख २८ असेल तर तो २४ डिसेंबरला, शुक्रवारी द्यावा लागतो आणि फाइल २२ ला. मात्र एफपीएसमध्ये (करखात्याला पाठवायच्या पगाराच्या अहवालात) तारीख नेहमीचीच, २८, टाकायची. प्रत्यक्ष दिल्याची तारीख टाकली तर आठवडी पगारात एका कर-आठवड्यात दोन पगार दिसतात आणि कपात बिघडते. अमेरिकेत केंद्रीय सुट्टी शनिवारी आली तर आदल्या शुक्रवारी, रविवारी आली तर सोमवारी. तीन देशांचं एकच कॅलेंडर करू नका.

---

कोरा_कॅलेंडर
सगळ्यांचे आभार. ऑफिससाठी मसुदा असा केलाय:

"सन २०२७ करिता १ मे (शनिवार), १५ ऑगस्ट (रविवार) व २ ऑक्टोबर (शनिवार) या सुट्ट्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी येत असल्याने त्यांच्या बदली अनुक्रमे ३ मे, १६ ऑगस्ट व ४ ऑक्टोबर (सोमवार) रोजी सुट्टी राहील. ही व्यवस्था फक्त सन २०२७ पुरती असून पुढील वर्षांसाठी प्रघात मानली जाणार नाही. वर्कशॉप व शोरूमसाठी स्वतंत्र यादी राहील."

---

करारपत्र
"प्रघात मानली जाणार नाही" छान, पण त्याच्या भरवशावर सलग पाच वर्षं देऊ नका. आणि वैकल्पिक चार तारखांवर कामगार प्रतिनिधींच्या सह्या ३१ डिसेंबर २०२६ च्या आत घ्या.

---

हजेरीपट
दोन भर. बदली सोमवारला पीएच खूण देऊ नका, वेगळी खूण करा, "बसु" (बदली सुट्टी) चालेल. नाहीतर वर्षअखेरीस आठ सुट्ट्या नेमक्या कुठल्या हे शोधत बसाल, आणि सॉफ्टवेअरने १५ ला पीएच आणि १६ ला पुन्हा पीएच दिला तर वरचा बत्तीसचा खेळ परत.

दुसरं, १६ ऑगस्टला रुजू होणारा माणूस. पहिल्याच दिवशी बदली सुट्टी, आणि ज्या सणाची बदली त्या दिवशी तो नोकरीतच नव्हता. नियुक्तिपत्रात रुजू तारीख १७ करून घ्या, नाहीतर १६ चा पगार द्यावा लागेल आणि पंच नसल्याने मस्टर खाडा दाखवेल. उलट १५ ला ज्याचा शेवटचा दिवस त्याला बदली मिळणार नाही. त्याचा हिशोब चुकता करताना तो एक रोज देणार की नाही, हे मसुद्यात घाला. हिशोब दोन कामाच्या दिवसांत द्यायचाय, आणि १६ तारीख तुम्हीच बंद केलीय.